चौरस मीटरही दिवस मोजतात: जहाजाच्या जोडणीत जागा आणि मनुष्यबळ यांचे नियोजन

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार येथील एखाद्या फॅब्रिकेशन शेडमध्ये बार्जचे किंवा फेरीबोटीचे काम चालून आले की मालकाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो माणसांचा: किती फिटर लागतील आणि किती वेल्डर उभे करावे लागतील? माझ्या अनुभवाने हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा की शेडमधील कोणता तुकडा किती दिवस अडकून राहणार आहे आणि तो मोकळा झाल्यावर तेथील माल कोणत्या वाटेने बाहेर पडणार आहे. मुंबईच्या एका गोदीत नियोजन विभागात काही वर्षे काढल्यानंतर मी गावाकडे परतलो आणि गेली काही वर्षे खानदेशातील लहान शेडना तरंगत्या कामांचे वेळापत्रक आखून देतो. जहाज मोठे असो वा लहान, कामे रखडतात ती बहुधा माणसे कमी पडली म्हणून नव्हे, तर जागेचा आणि माणसांचा हिशोब दोन वेगळ्या वह्यांत मांडला म्हणून, असे मला दिसून आले आहे.

मोठ्या गोद्यांत आज जहाज एकसंध बांधत नाहीत. पत्रे कापून त्यांचे पॅनेल करतात, पॅनेल जोडून ब्लॉक करतात, ब्लॉकमध्येच शक्य तेवढे पाइप, शिड्या आणि यंत्रांचे पाये बसवून घेतात, ते रंगवतात आणि मग गोदीत एकावर एक चढवतात. ब्लॉक केवढा करायचा हे क्रेन ठरवते. माझगाव डॉकमध्ये ३०० टनांची गोलियाथ क्रेन आहे, तर कोचीन शिपयार्डच्या ३१० मीटर लांबीच्या नव्या गोदीवर ६०० टनांची, आणि तेथील ब्लॉकचे आकार त्या बेताने ठरतात. आपल्याकडे ही मर्यादा हायड्राची, म्हणजे माल उचलून चालणाऱ्या लहान क्रेनची, आणि रस्त्याची असते. आकडे बदलतात, परंतु हिशोबाची रीत तीच राहते, म्हणून पुढील सर्व विवेचन एका लहान उदाहरणावर केले आहे.

उदाहरण असे धरू. उकाई जलाशयाच्या नवापूरकडील फुगवट्यात वापरण्यासाठी २४ मीटर लांब, साडेसात मीटर रुंद आणि १.८ मीटर खोल असा सपाट तळाचा बार्ज बांधायचा आहे. तो जळगावच्या शेडमध्ये अखंड बांधून नेता येणार नाही, कारण साडेसात मीटर रुंदीचा माल सामान्य ट्रेलरवरून जात नाही. वाहनाची कायदेशीर रुंदी २.६ मीटर आहे, तिच्या आत राहायचे तर बार्जचे लांबीत तीन आणि रुंदीत तीन असे नऊ भाग करावे लागतात, आणि प्रत्येक भाग ८ मीटर लांब, २.५ मीटर रुंद व १.८ मीटर उंच होतो. लांबी ८ मीटरच का, १२ का नाही, असे विचारणाऱ्याने एकदा माल लादलेल्या ट्रेलरमागून कोंडाईबारीचा घाट उतरून पाहावा. आणि काम नर्मदेच्या फुगवट्यासाठी धडगावकडे जाणार असेल तर सातपुड्यातील वळणे स्वतः फिरून मोजल्याशिवाय भागाची लांबी ठरवूच नये.

आता एका भागाचे वजन काढू. तळ, डेक, दोन बाजू आणि दोन टोके मिळून सुमारे ७८ चौरस मीटर पत्रा लागतो. पोलादी पत्र्याचे वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे ७.८५ किलो असते, म्हणजे ६ मिमी पत्र्याचे ४७.१ किलो. त्या हिशोबाने पत्रा ३.७ टनांच्या आसपास भरतो, आणि अँगल, फ्रेम, ब्रॅकेट धरून भाग सुमारे ५ टनांचा होतो. असा भाग जवळच्या पल्ल्यावर हायड्रा सहज उचलतो. बूम लांबवली की तिची क्षमता झपाट्याने घटते, हे मात्र चालकाला विचारून नव्हे, तर यंत्रावरील भारतक्ता वाचून ठरवावे.

जागेचे खाते

प्रत्येक भागाला दोन गोष्टी लागतात: क्षेत्रफळ आणि मुदत. दोहोंचा गुणाकार म्हणजे चौरस-मीटर-दिवस, आणि शेड खरे तर हेच विकत असते. आपला भाग ८ बाय २.५ मीटरचा असला तरी चहूबाजूंनी एक मीटर वाट सोडल्याशिवाय फिटरला पत्रा ओढून धरता येत नाही की वेल्डरला नीट बसता येत नाही, म्हणून जोडणीचा बेड १० बाय ४.५, म्हणजे ४५ चौरस मीटरचा धरावा. भाग दहा दिवस बेडवर राहिला तर त्याने ४५० चौरस-मीटर-दिवस खाल्ले, आणि नऊ भागांनी ४,०५०.

शेड १८ बाय ३० मीटरचे आहे असे समजा. कागदावर ५४० चौरस मीटर दिसतात, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. हायड्राला वळण्यासाठी मधोमध ६ मीटरचा लांबट पट्टा मोकळा ठेवावाच लागतो, आणि त्या पट्ट्यावर ‘तात्पुरता’ म्हणून ठेवलेला माल महिनाभर हलत नाही, म्हणून तेथे पिवळा रंग मारून घ्यावा. दोन्ही बाजूंना ६-६ मीटरचे पट्टे उरतात. एका पट्ट्यात तीन बेड एकापुढे एक बसतात; दुसऱ्यात दोन बेड आणि उरलेल्या १० मीटरमध्ये पत्रा कापण्याची जागा. वेल्डिंग मशिने आणि सिलिंडर भिंतीलगतच्या दीड मीटरमध्ये जातात. हाती लागले ते पाच बेड, म्हणजे २२५ चौरस मीटर. कागदावरच्या निम्म्याहूनही कमी.

या मांडणीत प्रत्येक बेड मधल्या पट्ट्याला लागून आहे, हे सहज घडलेले नाही. काही वर्षांपूर्वी एका शेडमध्ये मी स्वतः याच्या उलट करून बसलो होतो. जागा वाचवण्याच्या मोहाने चार भाग एकाच रांगेत, यार्डातल्या डब्यांसारखे, एकामागे एक मांडले आणि वाट फक्त दरवाज्याच्या टोकाला ठेवली. दरवाज्याजवळच्या भागाचे ड्रॉइंग मध्येच बदलले आणि तो अर्धवट राहिला. त्याच्यामागचे दोन भाग तयार होऊन, चाचणी होऊन, ट्रेलरची वाट पाहत तेथेच अडकले. फोरमन डोक्यावरचा रुमाल काढून भागावर टेकला आणि म्हणाला, “आते काय करानं, भाऊ?” शेवटी पाइपांचे रोलर घालून आणि चेनब्लॉक लावून तो अर्धवट भाग चौदा माणसांनी दोन दिवस खपून बाजूला सरकवला, आणि त्या ओढाताणीत त्याचे दोन स्टिफनर (पत्र्याला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) वाकले ते निराळेच. तेव्हापासून बेडचा नकाशा आखताना मी प्रत्येक भागाचे पुठ्ठ्याचे तुकडे कापतो आणि त्याच मापात काढलेल्या शेडच्या नकाशावर ते तारखेच्या क्रमाने ठेवून, उचलून आणि बाहेर काढून पाहतो. संगणकावर हे करता येते; पुठ्ठ्याने मुकादमालाही दिसते.

जागेच्या खात्यात एक नोंद हमखास विसरली जाते. माणसांचे काम संपले तरी भाग जागा खातच राहतो. रंगाचे हात वाळत असतात, तपासनीसाची वाट पाहणे चालू असते, ट्रेलर आलेला नसतो. अशा दिवसांत हजेरीबुकात शून्य असते आणि जागेच्या वहीत ४५. म्हणून रंगकामासाठी बेड वापरू नये; शेडबाहेर, वाऱ्याच्या दिशेने वेल्डिंगपासून दूर, दोन स्टँड वेगळे करावेत आणि तयार भाग ठेवण्यासाठी तीन भागांपुरती जागा राखावी. रंगाच्या वेळी हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी वर असावे लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात ही अट आपोआप पाळली जाते. आषाढात मात्र रंगाचे वेळापत्रक आकाशाच्या हाती जाते.

माणसांचे खाते

पाच टनांच्या भागाला टनामागे ९० मनुष्यतास धरले तर ४५० तास होतात, आठ तासांच्या पाळीने सुमारे ५६ मनुष्यदिवस. ९० हा आकडा उदाहरणापुरता आहे. प्रत्येक शेडने पहिल्या भागावर आपला स्वतःचा आकडा मोजावा आणि दुसऱ्याच्या शेडचा आकडा उसना घेऊ नये, कारण कापणी हाताने होते की यंत्राने, वेल्डिंग काडीचे आहे की वायरीचे, यावर तो सरळ दीडपट-दुपटीने बदलतो.

हे ५६ दिवस धंद्यांनुसार वाटून घ्यावे लागतात. पहिले चार दिवस जुळणी: तीन फिटर, तीन मदतनीस. पुढचे चार दिवस वेल्डिंग: चार वेल्डर आणि घासकामासह दोन मदतनीस. शेवटचे दोन दिवस सफाई, सरळीकरण आणि हवेची चाचणी: चार माणसे. चोवीस, चोवीस आणि आठ, एकूण छप्पन्न. वेल्डर नेहमी सम संख्येत ठेवावेत, कारण मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी, समोरासमोर वेल्डिंग चालले तरच पत्रा एका अंगाला ओढला जात नाही. तीन वेल्डर लावून काम ‘भागवले’ तर वाचलेली रोजी सरळीकरणात गॅसवर खर्च होते.

पाचही बेड एकाच दिवशी सुरू करण्याचा मोह आता आवरावा. तसे केले तर पहिल्या चार दिवसांत १५ फिटर लागतात आणि त्यांतील बहुतेक पुढचे सहा दिवस बसून राहतात. पाचव्या दिवसापासून २० वेल्डर लागतात, जे आदल्या दिवशी कोठून तरी आणावे लागतात. कागदावर काम २० दिवसांत होते, प्रत्यक्षात इतकी माणसे त्या तारखेला जळगावात जमत नाहीत. त्याऐवजी दर दोन दिवसांनी एक भाग सुरू करावा. पहिला पहिल्या दिवशी, दुसरा तिसऱ्या दिवशी, असे करत नववा सतराव्या दिवशी. पहिला बेड दहाव्या दिवशी मोकळा होतो आणि अकराव्या दिवशी सहावा भाग तेथेच बसतो. कोणत्याही दिवशी दोन बेडवर जुळणी, दोनवर वेल्डिंग आणि एकावर सफाई चालू असते. फिटर लागतात सहा, वेल्डर आठ, आणि सगळे धरून भरात असताना २८ माणसे. काम २६ व्या दिवशी संपते. सहा दिवस जास्त गेले खरे, परंतु १५ फिटर आणि २० वेल्डर शोधण्याऐवजी सहा आणि आठ सांभाळायचे आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाला उद्या कोणत्या बेडवर जायचे हे आजच ठाऊक असते.

शिवाय, या रचनेत शेवटच्या भागाची जुळणी विसाव्या दिवशी पूर्ण होते आणि सहाही फिटर मोकळे होतात. तोवर पहिले चार भाग रंगून तयार झालेले असतात (दर दोन दिवसांनी एक भाग बाहेर पडतो, रंगाला चार दिवस, म्हणून रंगाचे स्टँड दोनच पुरतात). तेच फिटर काठावरच्या जोडणीला पाठवता येतात. ज्याने भाग जुळवला त्यानेच तो शेजारच्या भागाला भिडवावा, म्हणजे कडा जुळत नसेल तर दोष कोणाचा यावर वेळ जात नाही.

पहिल्या भागाबाबत एक अपवाद करावा. तो एकटाच चालवावा आणि दुसरा दोनऐवजी चार-पाच दिवसांनी सुरू करावा. तेच काम पुन्हा पुन्हा केले की हात बसतो, आणि संख्या दुप्पट झाली की वेळ ठरावीक टक्क्यांनी घटतो. ८५ टक्क्यांचा उतार धरला तर दुसऱ्या भागाला पहिल्याच्या ८५, चौथ्याला ७२ आणि आठव्याला ६१ टक्के वेळ लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २,७१० लिबर्टी जहाजे ब्लॉक पद्धतीने बांधली तेव्हा हा उतार स्पष्ट दिसला: १९४१ मध्ये पाण्यात उतरलेल्या पहिल्या जहाजाला सुमारे आठ महिने लागले होते, पुढे सरासरी दीड महिन्यावर आली. मात्र उतार आपोआप लागत नाही. माणसे तीच राहिली तर लागतो. दर आठवड्याला ठेकेदार नवी टोळी आणत असेल तर नवव्या भागालाही पहिल्याइतकाच वेळ जातो.

एका बेडवर सहा-सात माणसांपेक्षा जास्त चढवू नयेत. उशीर झाला की मालक आणखी चार माणसे आणून देतो, आणि ती चार माणसे आधीच्या सहांच्या वायरींवरून चालत राहतात. उशीर भरून काढायचा तर पाळी वाढवावी: दिवसा जुळणी, रात्री वेल्डिंग. त्यामुळे चौरस मीटर न वाढता जागेची कमाई वाढते आणि उन्हाळ्यात रात्रीचा वेल्डर दिवसाच्या वेल्डरपेक्षा अधिक काम देतो. बंद भागात मात्र आत दोघांपेक्षा जास्त नकोत, मॅनहोलपाशी एक माणूस केवळ लक्ष ठेवायला हवा, हवा ओढणारा ब्लोअर चालू हवा आणि गॅसचे सिलिंडर कोणत्याही कारणाने आत नेऊ नये. वायरीच्या वेल्डिंगला लागणारे कार्बन डायऑक्साइड आणि आर्गॉन हे वायू हवेपेक्षा जड असतात. ते तळाशी साचतात आणि आतल्या माणसाला कळतही नाही. तो बाहेरचा माणूस ‘रिकामा’ दिसतो, तरी मनुष्यदिवसांच्या हिशोबात त्याचे नाव असलेच पाहिजे.

कोणता भाग आधी

काठावरची जोडणी मधल्या भागापासून सुरू होते आणि चारी दिशांना पसरते, कारण वेल्डिंगने पोलाद आकसते आणि आकसणाऱ्या पत्र्याला सरकायला मोकळी बाजू लागते. म्हणून शेडमधूनही मधला भाग आधी बाहेर यायला हवा. पुढच्या टोकाचे भाग दिसायला आकर्षक असतात, फोटोला बरे पडतात, आणि म्हणून अनेक शेडमध्ये तेच आधी हाती घेतले जातात. ते मग महिनाभर अंगणात पडून जागा खातात.

येथे एक गुंता आहे. टोकाच्या भागांचा तळ पुढे वर चढत जातो, म्हणून त्यांचे वजन कमी भरते, पण तिरकी कापणी, वळवलेला पत्रा आणि कोनातल्या फ्रेम यांमुळे मनुष्यतास जास्त लागतात. टनांवरून माणसे काढणारा नियोजक नेमका तेथे चुकतो. मोठ्या जहाजातही मधले सपाट ब्लॉक भराभर निघतात आणि नाळ व वरामाचे, म्हणजे पुढच्या व मागच्या टोकाचे, वक्र ब्लॉक टनामागे कितीतरी जास्त तास घेतात. म्हणून प्रत्येक भागाची सुरुवातीची तारीख मागून मोजावी: काठावर तो कोणत्या दिवशी लागणार, त्यातून वाहतूक, रंग, चाचणी आणि त्याच्या स्वतःच्या जोडणीचे दिवस वजा करावेत, दोन-तीन दिवस राखीव काढावेत, आणि मग येणाऱ्या तारखांच्या क्रमाने बेड वाटावेत. कधी कधी असे दिसते की नंतर लागणारा टोकाचा भाग आधी सुरू करावा लागतो. तसे असेल तर त्याला दरवाज्यापासून सर्वांत दूरचा बेड द्यावा.

बोलार्डचे (दोर बांधायच्या खुंटांचे) पाये, मॅनहोलच्या कडा, शिड्या, पाइपांची भोके ही सर्व कामे भाग बेडवर असतानाच, आणि शक्य तेथे भाग उलटा ठेवूनच उरकावीत. जहाजबांधणीत १-३-८ असा एक ठोकताळा सांगतात: जे काम शेडमध्ये एका तासात होते त्याला ब्लॉकवर तीन आणि जहाजावर आठ तास लागतात. आठ तासांमागे जिन्यांची चढउतर, वायरी ओढणे आणि डोक्यावरच्या स्थितीत करावे लागणारे वेल्डिंग असते. भाग उलटवण्यासाठी दोन हायड्रा लागतात. त्या दिवशी शेजारचे दोन बेड रिकामे करून घ्यावे लागतात, म्हणून उलटवण्याचा दिवस वेळापत्रकात स्वतंत्र लिहावा आणि तो सकाळी पहिल्या तासात उरकावा.

हवेच्या चाचणीला फारसे काही लागत नाही. भाग बंद करून दाब ०.२ बारपर्यंत नेऊन ०.१५ बारवर आणतात आणि शिवणींवर साबणाचे पाणी लावतात. ०.१५ बार म्हणजे दीड मीटर पाण्याचा स्तंभ, म्हणून यू आकाराची पारदर्शक नळी लावली की मीटर खोटे बोलतो की खरे हे समोर दिसते. स्वयंचलित फेरीबोट असेल तर अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार सर्वेक्षण आणि नोंदणी लागते. तपासनीस ज्या दिवशी येणार त्या दिवशी कोणता भाग उघडा, रंगाविना आणि पोचता येईल असा हवा, हे आधी ठरवून ठेवावे.

पंचांग आणि माती

खानदेशात मनुष्यबळाचे वेळापत्रक पंचांग समोर ठेवल्याशिवाय आखू नये. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्याचे बाजार सुरू झाले की पावरा आणि भिल्ल समाजातील मदतनीस आठवडाभर येत नाहीत, आणि येऊही नयेत. वर्षाचा तो त्यांचा सण आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी लेकी माहेरी आलेल्या असतात, दोन-तीन दिवस हजेरी निम्म्यावर येते, शिवाय सालदारांचे साल तेव्हाच बदलत असल्याने गावाकडे शेती असलेला प्रत्येक कामगार त्या आठवड्यात घरी लागतो. मेअखेरीस बागायती कपाशीची लागवड, श्रावणात कानबाई, दिवाळीनंतर वेचणी आणि ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या, हे सर्व ठरलेले आहे. वेल्डरांची ओढ निराळी असते: दीपनगरच्या औष्णिक केंद्रात बॉयलरचे शटडाउन लागले की चांगले हात तिकडे जातात, कारण तेथे थोड्या दिवसांत जास्त पैसे मिळतात. ठेकेदाराकडून शटडाउनच्या तारखा काढून घेणे ही नियोजनाचीच बाब आहे.

उन्हाचा हिशोब वेगळा मांडावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हातल्या पत्र्याला उघडा हात लागत नाही. पाळी पहाटे साडेपाच ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते आठ अशी तोडावी, आणि मनुष्यदिवस आठ नव्हे, सहा उपयुक्त तासांचा धरावा. मग तेच ४५० तास ५६ ऐवजी ७५ मनुष्यदिवस होतात. हा फरक मार्चमध्ये कागदावर दिसला तर माणसे वाढवता येतात.

आमच्या उदाहरणात जोडणी उकाईच्या उघड्या पडलेल्या काठावर करायची आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटते, जमीन उघडी पडते, तेथे बार्ज जोडून ठेवायचा आणि पावसाळ्यात चढणाऱ्या पाण्याने तो उचलायचा; निसर्गाने दिलेली ही कोरडी गोदीच आहे. परंतु ती जमीन काळी आहे. मे महिन्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि जूनच्या पहिल्या दोन पावसांत तीच ट्रेलरचे चाक गिळते. म्हणून खाली निदान एक फूट मुरूम दाबून घ्यावा, त्यावर स्लीपर आणि लाकडी ठोकळे रचावेत, आणि तळाखाली ७०-८० सेंटीमीटर उंची ठेवावी, म्हणजे वेल्डर पाठीवर झोपून तळाची शिवण मारू शकेल. नवव्या भागाचा ट्रेलर मृगाच्या आधी काठावर पोचला पाहिजे. तेथून मागे मोजत आलो तर शेडमधील पहिला भाग होळी आटोपताच सुरू व्हावा लागतो, आणि आखाजीपूर्वी बहुतेक भाग बेडवरून उतरलेले असावे लागतात.

काठावर नऊ भाग जोडताना तळ, डेक आणि बाजू मिळून सुमारे १३३ मीटर शिवण येते. आधी आडवे सांधे, मग लांबीचे, मधून टोकांकडे, दोन्ही बाजूंना जोडीने. दोन भागांच्या मधल्या भिंतींत हात पोचत नाही, म्हणून पाठीमागे पट्टी लावून बाहेरूनच वेल्डिंग करावे लागते, आणि सांध्यालगत १०० मिलिमीटर पट्टा शेडमध्ये रंगाविना सोडावा लागतो. सांध्याच्या एका कडेला २०-२५ मिलिमीटर माया सोडून ती काठावर जुळवून कापावी. लो-हायड्रोजन काड्या वापरत असाल तर भाजण्याची भट्टी काठावर न्यावीच लागते, आणि वायरीचे गॅस-वेल्डिंग असेल तर ताडपत्रीचा आडोसा, कारण सेकंदाला दोन मीटरच्या झुळकीनेही गॅसचे आवरण फाटते. घाईत क्रम मोडण्याचा मोह येथेच सर्वांत जास्त होतो. १६ जानेवारी १९४३ रोजी पोर्टलंडमध्ये ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज धक्क्याला शांत उभे असताना मधोमध फाटले. थंडीत ठिसूळ झालेले पोलाद, सदोष शिवण आणि आत कोंडलेला ताण ही कारणे त्यामागे होती. आपल्याकडे थंडी नाही; आत कोंडणारा ताण मात्र क्रम मोडला की येथेही तसाच कोंडतो.

मोजमाप पहाटे करावे. हा नियम मला ठाऊक होता, पटला मात्र काठावर. दुपारी दोन वाजता दोरी ताणली तेव्हा डेकचा मध्य वर आलेला दिसला आणि फिटरने ठोकळे काढायला हात घातला. त्याला थांबवले, रात्र जाऊ दिली, आणि दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताना तीच दोरी लावली, पाण्याची नळी लावली. डेक सरळ होता. हिशोब सोपा आहे: डेक तळापेक्षा २५ अंशांनी तापला तर २४ मीटर लांब, १.८ मीटर खोल बार्ज मधोमध सुमारे १२ मिलिमीटर उचलला जातो. मापे घेणारे दोघे फिटर पाळीच्या तासभर आधी बोलवावेत आणि तो तास त्यांच्या हजेरीत धरावा.

बार्ज तरंगेपर्यंत माणसांची यादी बंद करू नये. सर्व मिळून वजन ४६ टन धरले आणि तळ १८० चौरस मीटर, तर तळाच्या वर जेमतेम २६ सेंटीमीटर पाणी चढताच तो उचलला जातो. उकाईचे पाणी वर पाऊस झाला की एका रात्रीतही तेवढे चढू शकते. म्हणून पाणी मुरमाला लागले त्या दिवसापासून चार माणसांची रात्रपाळी ठेवावी, चारही कोपऱ्यांचे दोर काठावरच्या खुंटांना थोडी ढील देऊन बांधावेत, मॅनहोलची झाकणे गॅस्केट घालून आवळावीत, आणि सुट्या होऊन तरंगणारे लाकडी ठोकळे तळाशी आपटू नयेत म्हणून ते एकमेकांना दोराने ओवून ठेवावेत.